दहापैकी आठ

प्लंबरची बायको गेल्याचं बारा तारखेला सकाळीच सगळ्यांना कळलं. लेकीला कळलं, शेजाऱ्यांना कळलं, दूधवाल्यालाही कळलं. कळलं नाही ते फक्त तिच्या फोनमधल्या कवितेच्या ग्रुपला.

दुपारी घर माणसांनी भरलेलं असताना फोन वाजला. 'ताई, आजचा शब्द दार. तुमचीच कविता राहिलीय. नऊच्या आत.'

प्लंबरने चष्मा लावून उत्तर लिहिलं. तीस वर्षं कामाच्या वहीत तो एका ओळीत एकच गोष्ट लिहीत आला होता. नळ गळतो. वॉशर बदलला. इथेही तसंच लिहिलं:

'ती सकाळी गेली.
दार उघडंच होतं.
चहा उतू गेला.
आता मेसेज करू नका.'

लगेच मॅडमचं उत्तर आलं. मॅडम म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. ग्रुपला रोज शब्द द्यायच्या आणि मार्कही. 'सुंदर मुक्तछंद! दहापैकी आठ.' खाली टाळ्यांची रांग.

दुसऱ्या दिवशी शब्द आला 'पाणी'. त्याने लिहिलं, 'मी प्लंबर आहे. मला कविता येत नाही. ती खरंच गेली.'

'पतीच्या तोंडून बोलण्याचा धाडसी प्रयोग!' पुन्हा टाळ्या.

त्याने वैतागून मॅडमना फोन लावला. त्यांनी तो उचलला नाही. मेसेज मात्र पाठवला. 'नियम विसरलात? महिनाभर जे सांगायचं ते कवितेतच.'

"यातून बाहेर कसं पडायचं ते सांग मला," तो लेकीवर खेकसला.

"बाबा, थांबा. तीस झाल्या तरच पुस्तिकेत छापतात. एक चुकली की सगळ्या बाद. आईच्या अकरा झाल्यात. वर्षभर वाट बघत होती ती या महिन्याची."

"म्हणजे तिच्या अकरा वाचवायला उरलेल्या मी पाडायच्या?"

"तुम्ही तक्रारी लिहा. त्यांना चालतंय."

मग तो रोज तक्रारी लिहू लागला. सतरा तारखेला शब्द होता 'चंद्र'. त्याने लिहिलं, 'चंद्राचं मरू दे, साखरेचा डबा कुठे ठेवलास?' नऊ मार्क मिळाले. फक्त एका निवृत्त बँक मॅनेजरने शेरा मारला, 'नवऱ्याचं पात्र अतिरंजित. इतका बावळट माणूस असत नाही.'

"हा कोण मला बावळट म्हणणार!" प्लंबर उसळला. अठरा तारखेला त्या मॅनेजरला त्याने चार ओळींत असं झोडपलं, की मॅडमनी 'वीररसाचा स्पर्श' म्हणून ती कविता सगळ्यांना दोनदा वाचायला लावली.

एकोणतीस तारखेला कामाचा फोन आला. एका म्हाताऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता.

"जरा लवकर आटपा हं," बाई म्हणाल्या. "नऊला मला सगळ्यांच्या कवितांना मार्क द्यायचेत."

पाना हातात तसाच धरून प्लंबर उभा राहिला. "मॅडम?"

"हो. तुम्ही कोण?"

"दाराची कविता. बारा तारखेची."

"त्या ताईंचे मिस्टर! अहो, काय लिहितात त्या! कशा आहेत?"

"गेली ती. बारा तारखेलाच."

मॅडम बाजूच्या स्टुलावर बसल्या. नळ टपटपत होता.

"अहो, मग कळवायचं नाही का?"

"कळवलं ना. तुम्ही दहापैकी आठ दिलेत."

मॅडमनी पदराने चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. प्लंबर पुन्हा नळाखाली वाकला.

"दोन कशाचे कापले होते?" त्याने खालूनच विचारलं.

"शेवट... शेवट घाईत झालाय असं वाटलं मला."

"घाईतच झाला," तो म्हणाला.

वॉशर बदलला. पाणी थांबलं. निघताना मॅडम दारापर्यंत आल्या. उद्याचा शब्द काय द्यायचा, हे त्यांना सुचेना. "तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. त्याने तिचं नाव सांगितलं.

आज तीस तारीख. सगळ्यांच्या कविता आल्या आहेत. त्याची यायची आहे.