समासातला पंखा

लॉटरी आपल्यालाच लागणार, याबद्दल पूर्णविरामांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तिकिटाचा क्रमांकच असा बांधेसूद होता की तो सोडून दुसरा निघाला असता, तर ती सोडत काढणाऱ्यांची चूक ठरली असती.

पूर्णविराम हे त्यांचं टोपणनाव. एका छापखान्यात एकतीस वर्षं ते मुद्रितं, म्हणजे छापण्याआधीची पानं, तपासत होते. त्यांनी मत दिलं की पुढे कोणी बोलायचं नाही, म्हणून हे नाव पडलं. तोंडावर मात्र सगळे त्यांना तात्याच म्हणत. अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, समासात मी लाल शाईने लिहीन ते मजकुरात घालायचं. का, कशाला, विचारायचं नाही. डोकं चालवणं माझं काम, बोटं चालवणं तुमचं."

बाईंनी हे वाक्य नऊ वर्षं जपून ठेवलं होतं.

त्या बुधवारी तात्यांच्या टेबलावर छापखान्याच्या पन्नाशीनिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेचं शेवटचं पान होतं. मालकांचं मनोगत. ते लिहिलं होतं तात्यांनीच, कारण मालक सहीपलीकडे काही लिहीत नसत आणि पाटीपलीकडे काही वाचत नसत. स्वतःच्याच लिखाणात तात्यांना चूक कुठली सापडणार? हात रिकामा, पेन उघडं. टेबल कागद कापायच्या यंत्रामागे, अंधाऱ्या कोपऱ्यात. असंच वाचत राहिलात तर दोन वर्षांत डोळे काम सोडतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. अकरा वर्षं तात्या खिडकीजवळची जागा मागत होते आणि मालक अकरा वर्षं एकच उत्तर देत होते, "बघू."

"आता बघाच," तात्या मनात म्हणाले. लॉटरी लागली की दुसऱ्या कुणी मोटार घेतली असती, नोकरीला लाथ मारली असती. तात्यांच्या स्वप्नातसुद्धा दहा वाजता कामावर जायचं होतं. फक्त उजेडात.

ते लाल शाईने त्या पानाच्या समासातच लिहू लागले. "तपासनिसाचं टेबल खिडकीपाशी हलवायचं. वर नवा पंखा, स्वखर्चाने. जेवणानंतर तासभर झोपायचं, कोणी उठवायचं नाही. मेहुण्याला दमडी द्यायची नाही. सासूबाईंना स्वतंत्र घर, शक्यतो दुसऱ्या गावी. बायकोला समुद्र दाखवायचा. तिला इतकी वर्षं नुसतं 'बघू' म्हणत आलो, याची लाज वाटते."

लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं. एक स्वल्पविराम काढला. मग हाताच्या सवयीने मजकुरात घालायची खूण केली आणि समासातून एक सुरेख रेघ ओढून थेट मनोगताच्या शेवटच्या वाक्यापाशी आणून सोडली. ते वाक्य होतं, "पुढील पन्नास वर्षांसाठी माझे काही संकल्प आहेत."

तेवढ्यात दारात बायको उभी राहिली. "अहो, चला ना. घर दाखवणारा माणूस खोळंबलाय. आणि सोडत सोमवारी आहे म्हणे. आज घर बघून काय करायचं?"

"पुस्तकांना वेगळी खोली आहे का, ते आधी बघायला नको?" तात्या उठले. जाता जाता ते पान बाईंच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "दुसरं मुद्रित काढू नका. माझ्या नजरेखालून गेलेल्या पानाला ते लागत नाही."

बाईंनी पान वाचलं. एक भुवई वर गेली. मग बोटं चालू झाली.

शनिवारी संध्याकाळी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मालकांची बायको, मेहुणा आणि सासूबाई. मालक पुस्तिका घेऊन उभे राहिले आणि प्रथमच स्वतःचं मनोगत वाचू लागले. त्यांचा आवाज मोठा होता आणि समोर येईल ते वाचून टाकायची सवय त्याहून मोठी. पंखा आला, टाळ्या पडल्या. झोप आली, हशा झाला. मेहुणा आला तेव्हा सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. सासूबाईंच्या दुसऱ्या गावावर मालक अडखळले, पण गाडी उतारावर होती. समुद्रापर्यंत येऊनच थांबली.

तिसऱ्या रांगेत तात्या खुर्चीत इतके खाली घसरले होते की त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं.

"हा पंखा ओळखीचा वाटतो," शेजारून त्यांची बायको पुटपुटली.

"घरी बोलू."

"बोलूच. माझ्या भावाला दमडी नाही का?"

सोमवारी मालकांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. बाईंनी पान पुढे ठेवलं. "लाल शाई आहे साहेब. लाल शाईला मी प्रश्न विचारत नाही."

"चूक माझी," तात्या म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून इतके नवखे निघाले, की बाईंनी वळून पाहिलं. "उद्यापासून येऊ नका म्हणालात, तरी चालेल."

मालकांनी पान बाजूला सारलं. "सासूबाई काल सामान बांधून आपल्या गावी गेल्या. मेहुणा बोलत नाही." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर म्हणावं तेवढं दुःख दिसत नव्हतं. "बायकोने समुद्रावरची खोली ठरवून टाकली. पंखा तर पाचशे प्रतींत छापून बसलाय. चारचौघांत मीच वाचलाय. आता काय करायचं?"

"शुद्धिपत्र काढता येईल," तात्या सवयीने म्हणाले. बाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

मंगळवारी सकाळी तात्या खिडकीपाशी बसले होते. वर नवा पंखा. समोर वर्तमानपत्रात सोडतीचा निकाल. उजेड एवढा की शंकेला जागाच नव्हती.

"लागली का तात्या?" बाईंनी विचारलं.

"लागली. शेवटचा आकडा चुकीचा छापलाय, एवढंच." त्यांनी पेन उघडलं, चार खोडला आणि समासात रेखीव नऊ काढला.

संध्याकाळी बायको दारातच भेटली. "मग? समुद्राचं काय?"

"बघू" म्हणायला तात्यांनी तोंड उघडलं. तिच्या हातात पुस्तिका होती, शेवटचं पान उघडलेली.

"छापलेलं आहे," ती म्हणाली. "आणि तुमच्या नजरेखालून गेलेलं."

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच पूर्णविरामांना वाटलं, दुसरं मुद्रित काढायला हवं होतं.