आप्पांचा नेम आणि दीड वाजताचं विमान

निपाणीच्या जिनदत्त मगदूमांनी, म्हणजे आप्पांनी, भर देवळात नेम घेतला आणि घरी येऊन पायातलं पायताण काढायच्या आधीच तो जाहीर करून टाकला, "परवा लेकीच्या इमानात बसायचं. त्या दिवशी इमान हवेत गेल्याबिगर मी अन्नाला शिवणार न्हाय."

त्यांच्या बायकोच्या, राजमतीबाईंच्या, हातातलं लाटणं थांबलं. "नेम घ्यायच्या आधी विचारायचं तरी व्हतं."

"कुणाला? तुला?"

"मला न्हाय. इमानाला."

"त्येला काय इचारायचं? दीड वाजताचं इमान. रोज बाराला जेवतोय, एक दिवस दीडला जेवीन. आभाळ कोसळतंय व्हय?" आप्पा म्हणाले आणि खुशीत पाय धुवायला गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असंच सुरू होतं.

आप्पांचं निपाणीत पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. त्यांची लेक दिव्या नुकतीच एका छोट्या विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून लागली होती. दुकानात शिरल्या शिरल्या तिचा गणवेशातला फोटो. गिऱ्हाइकानं आधी तो बघायचा, चार कौतुकाचे शब्द बोलायचे आणि मग मोटारीकडं वळायचं. या कंपनीची विमानं पंख्याची आहेत म्हटल्यावर एकानं नाक मुरडलं, "पंख्याचं म्हंजे जुनं मॉडेल की हो आप्पा!" त्यावर आप्पा म्हणाले, "पंखा डोळ्याला दिसतोय तरी. चालू हाय का बंद, आत बसून कळतंय. तुझ्या त्या दुसऱ्या इमानात काय कळतंय?" तो माणूस मोटार घेऊन गेला.

पण एवढ्या कौतुकात एक खडा आप्पांच्या दाताखाली सारखा येत होता. मगदूमांचं घर जैन; दिवस मावळला की आप्पांचं तोंड बंद. म्हणजे जेवायला, बोलायला नव्हे. लग्न संध्याकाळचं असलं तर अक्षता पडायच्या आधी ते आचाऱ्याजवळ ताट घेऊन उभे. सगळं घर असंच वाढलेलं. आणि दिव्या मुंबईला गेल्यापासून रात्री जेवू लागली. तिनंच फोनवर सांगितलं, "आप्पा, ड्युटी संपती आठला. मंग काय उपाशी झोपू?" आप्पांनी फोन ठेवला आणि राजमतीबाईंना म्हणाले, "पोरगी रात्री जेवती." पोरगी पळून गेली असं सांगावं, तसा तो सूर होता.

म्हणजे नेमामागं ही गोम होती. दिव्याचं पहिल्यांदाच बेळगावच्या विमानावर नाव लागलं होतं. नेम कसा पाळतात ते लेकीला तिच्याच विमानात बसून दाखवायचं, असा आप्पांचा बेत होता.

त्या दिवशी थोरला मुलगा गोमटेश दोघांना मुंबईच्या विमानासाठी गाडीतून बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर सोडून परत गेला. राजमतीबाईंच्या पिशवीत शेंगदाण्याच्या कुटाच्या शेंगापोळ्या, कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीचा डबा होता. आप्पांनी घड्याळ बघितलं, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता तासाभराचा खेळ."

तेवढ्यात दिव्याचाच फोन आला.

"आप्पा, मी अजून मुंबईतच हाय. हितं परतीचा पाऊस लई लागलाय. इमान उशिरा सुटंल. तुम्ही दोघं जेवून घ्या."

"मी कसा जेवीन? माझा नेम हाय."

"कसला नेम?"

आप्पांनी सांगितला.

"आप्पा, मला न इचारता माझ्या इमानावर नेम घेतलासा?"

"तू रात्री जेवतीस तवा मला इचारतीस व्हय?" आप्पांनी विचारलं आणि जिंकल्यासारखा फोन बंद केला. जिंकले खरे, पण दीड वाजला, अडीच वाजले, साडेतीन झाले. पाटीवरची वेळ बदलत गेली आणि आप्पांच्या पोटात कावळे कोकलायला लागले. शेजारच्या खुर्चीवर बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री चालवणारे भरमू पाटील नावाचे गृहस्थ बसले होते. ते मोठ्या प्रेमानं वडा खात होते.

"घ्या की अण्णा एक. गरम हाय."

"न्हाय. आमचा नेम हाय," आप्पा दुसरीकडं तोंड फिरवून म्हणाले.

"त्येंचं इमान वर गेल्यावर जेवायचं ठरलंय," राजमतीबाईंनी खुलासा केला. "आन् दिवस मावळल्यावर त्ये जेवत न्हाईत. म्हंजे दोन्हीच्या मधी जेवढा वेळ ऱ्हाईल, तेवढ्यात जेवायचं."

"अगं बाबौ!" भरमूंच्या हातातला वडा थांबला. "मंग आज जमलं न्हाय तर?"

"उद्या सकाळी."

भरमूंनी उरलेला वडा कागदात गुंडाळून ठेवला. असल्या बातमीला पाय असतात. बघता बघता सगळ्या हॉलला कळलं. एरवी फोनमधून मान वर न काढणारी माणसं काचेशी जाऊन सूर्य कुठवर आला ते बघू लागली. आज दिवस किती वाजता मावळणार यावरून दोन वकिलांची जुंपली. एकजण तर येऊन आप्पांना म्हणाला, "काळजी करू नका, अजून कासराभर आहे." आप्पांना इतका मान लग्नातसुद्धा मिळाला नव्हता, पण मानानं पोट भरत नाही.

अखेर विमान उतरलं. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. शिडी लागली, माणसं उतरली आणि मागोमाग गणवेशातली दिव्या खाली आली. आप्पा काचेला चिकटले. लेकीला असं कामावर ते पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी भरमूंना बोटानं दाखवलं, "ती माझी पोरगी," आणि लगेच डोळे वटारले. कारण दिव्या विमानात परत चढायचं सोडून त्याला निवांत प्रदक्षिणा घालत होती. चाकापाशी वाकली, पंख्याकडं मान वर करून बघितलं, पुढं जाऊन परत मागं आली.

"पंचर असंल," भरमू म्हणाले.

"पंचर!" मागच्या रांगेत कुणीतरी ओरडलं.

"दिव्याऽ! लवकर उरक गं!" आप्पांनी काचेवर थाप मारली. जाड काचेपलीकडं लेकीला काय ऐकू जाणार? ती दुसऱ्या चाकाकडं वळली.

राजमतीबाईंनी त्यांचा सदरा धरून मागं ओढलं. "गप बसा. दुकानात मोटार द्यायच्या आधी तुम्ही चारी बाजूनी बघता का न्हाय?"

"बघतोय की."

"गिऱ्हाईक उपाशी हाय म्हणून कधी न बघता दिलीयासा?"

आप्पांनी काचेवरचा हात काढला. थोड्या वेळानं भरमूंना म्हणाले, "पोरगी कामाला पक्की हाय." पण सूर्य काही कुणाच्या पोरीसाठी थांबत नाही. सगळे विमानात बसले तेव्हा तो डोंगरावर हातभर उरला होता.

अजूनही जमलं असतं. पण आप्पांनी विचार केला, विमान वर गेल्यावर पिशवी काढण्यात वेळ जाईल, डबा आताच मांडीवर घेऊन बसावं. दार लागलं होतं, पट्टे बांधले होते. आप्पांनी पट्टा सोडला, उठले आणि डोक्यावरचा कप्पा उघडला.

"काका, बसून घ्या. विमान निघतंय," एअर होस्टेस माधवी धावत आली.

"व्हय व्हय, एवढी पिशवी..." म्हणत आप्पांनी पिशवी ओढली. ती अडकली होती. आणखी जोरात ओढली. पिशवी आली, पण डबा आधी आला आणि वाटेत उघडला. शेंगाची चटणी वाटेवर, खुर्च्यांवर, दोन्ही वकिलांवर आणि बरीचशी माधवीच्या बुटांवर सांडली.

आता वाटेवर असं तेलकट काही सांडलेलं असताना विमान हलवता येत नाही. माधवीनं पुढं फोन लावला. पुढं कॅप्टन कुमारांनी तो ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"केबिन तयार नाही म्हणतात. कुणीतरी उभं राहून चटणी सांडली आहे."

दिव्यानं डोळे मिटले. "शेंगाची का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सर, ते माझे वडील आहेत," दिव्या म्हणाली. नोकरीला लागून महिनासुद्धा झाला नव्हता. ही नोकरी चटणीत जाते की काय, असं तिला वाटून गेलं. कॅप्टननी समोरच्या काचेतून बाहेर बघत विचारलं, "आणि ते उभे का राहिले होते?" मग दिव्यानं त्यांना नेमाची सगळी कथा सांगितली. ती संपली तेव्हा समोरचा सूर्य डोंगराआड अर्धा गेला होता.

मागं माधवी पुसत होती, राजमतीबाई बसल्या जागेवरून कागद पुरवत होत्या आणि आप्पा खिडकीतून बघत होते. ज्या विमानाची दिवसभर वाट बघितली, ते त्यांच्यामुळंच थांबलं होतं. सूर्याची शेवटची कड डोंगराआड गेली. आप्पांनी हात जोडले.

"झालं. मावळला."

मग पिशवी उघडून त्यांनी सगळ्या शेंगापोळ्या आणि भाकरी भरमूंच्या हातात दिल्या. "वाटून टाका सगळ्यास्नी. माझ्यापायी खोळंबलीत माणसं. मला आता उद्यापतोर काय उपेग?"

"आवो, एक तरी ठेवा," राजमतीबाई म्हणाल्या.

"कशाला? वास घ्यायला?"

पोळ्या पुढं गेल्या, मागं गेल्या. वकिलांनी भाकरी घेतली आणि अंगावरची चटणी लावून खाल्ली. विमान धावलं, उठलं. आप्पा डोळे मिटून जप करत बसले. लेक आपल्याला आभाळात घेऊन चालली आहे हे त्यांना कळत होतं. आपण उपाशी आहोत आणि तरी बरं वाटतंय, हेही कळत होतं. एवढ्यात भरमूंनी त्यांना कोपर मारलं.

"अण्णा! डोळे उघडा. दिवस उगवालाय!"

"कुठनं?"

"मावळतीकडनं!"

आप्पांनी बघितलं. डोंगर खाली राहिले होते आणि त्यांच्यापलीकडं, चांगला लालबुंद, सूर्य परत वर येत होता. आप्पांनी आयुष्यात असलं काही बघितलं नव्हतं.

"त्यो मावळला व्हता की!"

"मावळला त्यो खालच्या माणसांचा," भरमू म्हणाले.

"सूर्य काय दोन असत्यात?"

"एकच असतोय न्हवं?" राजमतीबाईंनी विचारलं. "मंग त्यो दिसतोय का न्हाय?"

"दिसतोय."

"इमान हवेत हाय का न्हाय?"

"हाय."

"मंग जेवा!"

बरोबर होतं. फक्त जेवायला काही नव्हतं. सगळं विमान एकदम ओशाळलं. एका वकिलाच्या हातात शेंगापोळीचा चतकोर होता, तो त्यानं घाईघाईनं पुढं केला. पण उष्टं कसं घ्यायचं? माधवीकडं सँडविच होतं, त्यात कांदा आणि बटाटा. आप्पा सूर्याकडं बघत होते आणि सूर्य परत खाली सरकायला लागला होता.

तेवढ्यात वरून आवाज आला. "नमस्कार. मी सहवैमानिक दिव्या मगदूम. डावीकडच्या प्रवाशांना सूर्य थोडा वेळ पुन्हा दिसेल." मग आवाज जरा अडखळला आणि थेट निपाणीत उतरला. "आप्पा, माधवीकडं माझा डबा दिलाय. लवकर जेवा. आमचा दिवस तुमच्यापेक्षा थोडा लांब असतोय, पण लई न्हाय."

पट्ट्याचा दिवा विझला आणि माधवी डबा घेऊन आलीच. आप्पांनी झाकण काढलं. दोन चपात्या आणि दोडक्याची भाजी. राजमतीबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला. दोडका ताटात दिसला की आप्पा ताट सारायचे, हे सगळ्या घराला माहीत. आज आप्पांनी एकदा दोडक्याकडं बघितलं, एकदा सूर्याकडं, आणि सुरुवात केली. सगळे प्रवासी माना वळवून कधी डबा बघत, कधी खिडकी.

"अण्णा, अर्धा ऱ्हायला."

"खातोय की!"

"अण्णा, कडच ऱ्हायली!"

शेवटचा घास आप्पांनी गिळला आणि सूर्य गेला. टाळ्या अशा वाजल्या, की पुढं कॅप्टननी विचारलं, "आता काय सांडलं?"

"घरात दोडका केला की त्वांड वाकडं," राजमतीबाई रिकामा डबा पुसत म्हणाल्या. "पंधरा हजार फुटावर ग्वाड लागतोय व्हय?"

मुंबईत उतरले तेव्हा अंधार झाला होता. कामं आटोपून दिव्या बाहेर आली आणि आप्पांसमोर मान खाली घालून उभी राहिली. चटणीचं ऐकून घ्यायची तिची तयारी होती. कॅप्टन तिला फक्त एवढंच म्हणाले होते, की पुढच्या वेळी वडिलांना खिडकीजवळ आणि डबा मांडीवर.

आप्पांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "जेवलीस?"

"न्हाय. घरी जाऊन बघते."

"सकाळपास्नं?"

"तुम्ही उपाशी बसलासा म्हणून..." तिनं वाक्य सोडून दिलं.

आप्पांनी इकडंतिकडं बघितलं आणि समोरच्या खानावळीत शिरले. मायलेकींना बसवलं, लेकीसाठी थाळी मागवली. ताट आलं. दिव्या ताटाकडं बघेना, आप्पांकडं बघू लागली. त्यांच्या देखत रात्रीचं जेवायचं तिला धाडस होईना.

"आप्पा, रात झालीया."

आप्पांनी ताट उचलून तिच्या आणखी जवळ सरकवलं. "गप जेव गं. तुझ्या वाटणीचा दिवस मी खाल्लाय."