न झालेली कावीळ

आमच्या घरात गोळी यायची ती फक्त लिमलेटची! खोकला झाला की अडुळसा, पोट दुखलं की ओवा, दाढ ठणकली की लवंग. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत मला न विचारता कोणी साधी शिंकही देत नसे, असं माझं स्वतःचं मत होतं. नोकरी पार्सल ऑफिसात कारकुनाची, पण रुबाब धन्वंतरीचा! "काविळीला डॉक्टर काय करणार? तिला झाडपालाच लागतो!" हे वाक्य तर मी चहाच्या प्रत्येक कपाबरोबर फुकट वाटायचो.

तर गोष्ट सत्त्याऐंशीच्या मे महिन्यातली. ऊन असं की गच्चीवर टाकलेले पापड तळायचीच काय ती बाकी! माझ्या पाठीवर घामोळ्या उठल्या. पाठीवरून मानेवर आल्या, मानेवरून गालांवर. आणि रविवारी साक्रीहून मंडळी मला बघायला येणार होती! वय एकोणतीस, चार स्थळं हातची गेलेली. अशा वेळी मुलगा ठिपक्यांची रांगोळी होऊन कसा बसणार?

उपाय मला पाठ होता. कडुनिंबाचा पाला वाटायचा, चंदन उगाळायचं, चिमूटभर हळद घालायची, लेप लावायचा, की घामोळ्या गायब. आता चिमूटभर हळद ही साध्या माणसांसाठी. मी घातली वाटीभर! आई शनिवारी जळगावला मावशीकडे गेली होती. साक्रीची मंडळीही तिथेच मुक्कामाला येऊन सकाळी तिच्याबरोबरच भुसावळला येणार होती. म्हणजे घरात अडवायला कोणी नाही. दुपारी डोक्यापासून कमरेपर्यंत लेप थापला आणि पंख्याखाली आडवा झालो. दहा मिनिटं ठेवायचा लेप तीन तास राहिला.

उठून धुतला. घामोळ्या खरंच बसल्या होत्या! एकही दिसत नव्हती, कारण मीच दिसत नव्हतो. आरशात एक पिकलेलं केळं माझ्याकडे बघत होतं!

बेसन लावलं, दही लावलं, काथ्या घासला. साबण मात्र वापरला नाही. साबणानं कातडी बिघडते हे मीच कॉलनीला शिकवलं होतं ना! शेवटी वाटलं, तेलानं रंग सुटतो. रविवारी सकाळी खोबरेल तेल चोळलं. रंग सुटला तो हातांवर आला, नखांत गेला आणि तिथेच बसला. आता केळं चकाकायला लागलं.

तेवढ्यात शेजारचे यादवभाऊ पेपर मागायला आले. रेल्वेत गार्ड होते. सव्वीस वर्षं शिट्टी मारून त्यांचा आवाज कायमचा फलाटाला ऐकू जाईल असा झाला होता.

"लीलाधर! अरे, कावीळ!"

"नाही हो, भाऊ, ते..."

"डोळे दाखव!" त्यांनी माझी पापणी खाली ओढली. तेल आणि हळद जाऊन डोळे लालबुंद झाले होते. "पिवळे नाहीत, लाल आहेत! म्हणजे पिवळ्याच्याही पुढे गेली! हलू नकोस, मी औषध आणतो!"

मी त्यांच्यामागे धावलो, तर दारात रिक्षा! रिक्षातून आधी आई उतरली, मग मुलीचे वडील आधारआबा, मग मुलीची आजी द्रौपदाबाई. आबा पांढऱ्या टोपीतले, भारदस्त. आजी काटक, नऊवारीतल्या, डोळे बारीक आणि एकेक गोष्ट टिपणारे. सगळे माझ्याकडे बघत थांबले.

"पाव्हना," आबा हळूच म्हणाले, "तब्बेत बरी शे ना?"

आता सांगा, काय उत्तर देणार? हळद लावलीय म्हणावं, तर अजून मुलगी बघितली नाही, सुपारी फुटली नाही आणि नवरदेव हळद लावून तयार! साक्री ते पिंपळनेर गावोगाव हसले असते! म्हणून मी म्हणालो, "थोडी कणकण आहे."

तिथेच चुकलो!

आईच्या हातातली पिशवी खाली पडली. माझे मामा ऐन तिशीत काविळीनं गेले होते. ती नुसती माझ्या हाताचा पंजा धरून त्याच्याकडे बघत राहिली. मी तिला स्वयंपाकघरात ओढायला गेलो, "आई, जरा आत चल, एक सांगायचंय..."

"काही सांगू नकोस, आधी हे पी!" यादवभाऊ ग्लास घेऊन हजर! एरंडाच्या पानांचा रस.

मी म्हणालो, "भाऊ, डॉक्टरला दाखवू या का?" आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य माझ्या तोंडून निघालं.

"काविळीला डॉक्टर काय करणार?" यादवभाऊ गरजले. "तूच म्हणतोस ना?"

प्यायलो. मागोमाग त्यांच्या मंडळी मुळ्याच्या पाल्याचा रस घेऊन आल्या. प्यायलो. पलीकडच्या ब्लॉकमधून भुईआवळीचा आला, पाणीटाकीजवळच्या भागाबाईंनी गुळवेलीचा काढा पाठवला. तो तर असा कडू की जीभ घशात लपायला गेली! पण आबा समोर बसलेले. तोंड वाकडं केलं तर मुलगा नाजूक दिसेल. मी प्रत्येक ग्लास हसतमुखानं रिकामा केला आणि वर "छान होता" म्हणालो. पोटात आता मालधक्क्यासारखी हालचाल सुरू झाली होती.

आबांनी पोह्यांच्या बशीला हात लावला नव्हता. पाण्याचा तांब्याही तसाच. कावीळ पाण्यातून पसरते ना! ते सारखे घड्याळाकडे बघत होते. पाचवं स्थळ माझ्या डोळ्यांदेखत दाराकडे सरकत होतं.

आजी मात्र निवांत. माझ्या कानामागे बघत होत्या. एकदा बनियनच्या गळ्याकडेही बघितलं, तिथे पिवळा पट्टा उमटला होता.

"आता शेवटचा उपाय," यादवभाऊ म्हणाले. "सुपडूबाबा! हातावरून कावीळ उतरवतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, रोगी बरा. पोराला सायकलवर धाडलंय!"

अर्ध्या तासात सुपडूबाबा आले. खांद्यावर झोळी, कपाळावर अंगारा, चेहऱ्यावर आत्मविश्वास. अंगणात चटई, चटईवर मी, समोर परात. अख्खी कॉलनी कुंपणाला टेकलेली! बाबांनी परातीत चुन्याची निवळी ओतली. स्वच्छ, नितळ पाणी. बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं उतरवतोय. पाणी पिवळं झालं नाही असं कधी झालं नाही. हात घाला!"

हात घातले. बाबांनी मंत्र पुटपुटत माझी बोटं चोळली.

पाणी लाल झालं!

थोडंथोडकं नाही, रक्तासारखं लालभडक! माझे हात कोपरापर्यंत लाल, बोटांतून लाल थेंब परातीत टपटपतायत. सुपडूबाबांचा मंत्र अर्ध्यातच तुटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, स्वतःच्या लाल झालेल्या बोटांकडे बघितलं आणि किंचाळले, "रगत!"

आणि ते उठून पळाले. झोळी तिथेच! कुंपणाला टेकलेली माणसं कुंपणासकट मागे गेली. यादवभाऊंनी सवयीनं खिशातली शिट्टी काढून वाजवली, त्यामुळे लांबची माणसंही धावत आली. कोणी म्हणे बाहेरची बाधा, कोणी म्हणे शरीरातलं सगळं रक्त निघालं. आबा टोपी काढून उभे राहिले. अहो, मी जिवंत असताना!

मीही घाबरलो हो! कालपासून मनाशी हळद आहे हळद आहे म्हणत होतो, पण ते रक्त बघून मलाच वाटायला लागलं, खरंच काहीतरी झालंय. आईनं मला घट्ट मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. "माझ्या भावासारखंच झालं गं माय!"

तेवढ्यात माझ्या कानाशी खुसखुस ऐकू आली. कोणीतरी हसत होतं!

द्रौपदाबाई परातीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी लाल पाण्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं आणि शांतपणे स्वतःच्या कपाळाला लावलं.

"कसानं रगत? हाई ते कुकू शे!"

मागे गेलेली माणसं पुन्हा पुढे सरकली.

"हयदमा चुना टाका का लाल व्हस. मी चाळीस वरीस घरमा कुकू करी ऱ्हायनू." मग माझ्याकडे वळल्या. "पोऱ्या, खरं सांग. कितली हयद चोपडी?"

"वाटीभर," मी म्हणालो. "घामोळ्यांसाठी. तुम्ही येणार होता म्हणून..."

आईनं मिठी सोडली. माझ्या दंडाला बोट घासून बघितलं, बोटाचा वास घेतला. मग एक जोरदार धपाटा घातला! आणि पुन्हा मिठी मारून रडायला लागली, पण आता रडता रडता हसत होती. इतका गोड धपाटा मी जन्मात खाल्ला नाही. छातीवरचा धोंडाच उतरला! अंगणात असा हशा उठला की पळालेले सुपडूबाबासुद्धा झोळी न्यायला परत आले. आबांनी टोपी डोक्यावर चढवली, पोह्यांची बशी ओढली आणि तीनदा वाढून घेतले. यादवभाऊ तर आपण पहिल्यापासूनच ओळखलं होतं असं सांगत फिरत होते!

मी मात्र त्या आनंदात फार वेळ बसू शकलो नाही. चार ग्लासांनी एकदम हाक दिली होती. पाहुण्यांना निरोप मी संडासाच्या बंद दारामागूनच दिला.

वाटलं, संपलं. असल्या येड्याला कोण मुलगी देणार? पण आठव्या दिवशी आबांचं कार्ड आलं. स्थळ पसंत! मी फुगलो. आईला म्हणालो, "बघितलंस? सरकारी नोकरी, घरंदाज वागणं, आणि रंगही उजळला होताच!"

लग्न झालं. वर्षभरानं मी लताला सहज विचारलं, "आजींना माझ्यातलं नेमकं काय आवडलं गं?"

ती भाजी ढवळत होती. मागे न बघताच म्हणाली, "आजी घरी येऊन म्हणाली, जो माणूस तीन घरचे चार कडू रस निमूट पितो आणि वर छान होता म्हणतो, त्याच्याकडे आपल्या लताचा स्वयंपाक खपून जाईल!"

मी ताट पुढे ओढलं. भाजी छान होती, असंच म्हणालो.