साहेब आज कुणाकडे?

आमच्या जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याचं वागणं मला पहिल्यापासून पसंत नाही. एक तर कॉलरला खळ इतकी घालतो, की गळ्याभोवती पुठ्ठा बांधल्यासारखं वाटावं. आणि काहीही विचारा, उत्तर देताना बघतो इस्त्रीकडे. माणसाने माणसाकडे बघून बोलावं. इस्त्रीकडे बघून बोलणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतं, हे मी जिन्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही.

माझा मुलगा दूरच्या शहरात नोकरीला गेला, तेव्हा त्याचे काही शर्ट मागे राहिले. ते मी अधूनमधून बाहेर काढते, धुते, इस्त्रीला पाठवते आणि परत जागेवर ठेवते. शेजारीण म्हणते, "काकू, न घातलेले कपडे धुता कशाला?" मी म्हणते, "न आलेल्या पाहुण्याची खोली आपण झाडतोच की." तिला ते कळत नाही. तिची मुलं अजून घरात आहेत, रोज तिच्याशी कडाकडा भांडतात. नशीबवान बाई.

तर त्या रविवारी सकाळी मुलाचा फोन आला. "आई, आज संध्याकाळी पोचतोय. माझा तो निळा शर्ट आहे ना अजून? जुन्या मित्रांना भेटायचंय, तोच घालीन म्हणतो."

"आहे म्हणजे काय? घडी मोडायची वाट बघत बसलाय."

फोन ठेवला आणि कपाट उघडलं. पांढरा होता, रेघांचा होता, तपकिरी होता. निळ्याच्या जागी नुसती फळी. मग आठवलं, गेल्या खेपेला निळा परत आलाच नव्हता. "बटण लावायचंय मावशी, उद्या देतो," असं तो इस्त्रीवाला म्हणाला होता. इस्त्रीकडे बघून.

मी तशीच खाली उतरले.

"निळा शर्ट दे."

"निळा म्हणजे... आकाशी का, मावशी?"

"तुझ्याकडे आहे तो."

त्याने इस्त्री उचलली, ठेवली, पुन्हा उचलून फिरवायला लागला. खाली कपडाच नव्हता.

"अरे, टेबल भाजतोयस."

तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक बाई हातात दुधाची किटली घेऊन आली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काय रे, साहेब आज कुणाकडे आहेत? माझ्या भावाला मंगळवारी लागतील."

इस्त्रीवाला असा पांढरा पडला, की त्यालाच दोन दिवस खळीत भिजवलंय असं वाटावं.

"कोण साहेब?" मी विचारलं.

"तो निळा शर्ट हो," ती बाई खुशीत म्हणाली. "घातला की समोरचा साहेब म्हणतो, म्हणून गल्लीत तेच नाव पडलंय. तुम्हालाही हवाय का कुणासाठी? मग नंबर लावा."

माझ्या मुलाच्या शर्टासाठी मी नंबर लावायचा! मी इस्त्रीवाल्याच्या दंडाला धरलं. "चल. जिथे असेल तिथून आण. संध्याकाळी माझा मुलगा येतोय."

"खरंच येतोय?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मागच्या खेपेलाही तुम्ही असंच म्हणाला होतात, म्हणून म्हटलं पडून राहण्यापेक्षा..."

"तोंड मिट आणि पाय उचल."

मागची गल्ली आमच्या इमारतीला चिकटून आहे, पण मी कधी त्यात शिरले नव्हते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचे फक्त पत्रे दिसतात. पहिल्या दारात एक रंगारी पोरीची वेणी घालत बसला होता. हाताला रंग, पायाला रंग, कानाच्या पाळीलाही रंग. वेणी मात्र अशी सरळ, की मला स्वतःला तशी कधी जमली नाही.

"हिची आई कुठे आहे?" मी विचारलं.

"झोपलीय. रात्रपाळी करते दवाखान्यात. हळू बोला, काकू."

माझा आवाज हळू होत नाही, पण मी प्रयत्न केला. "साहेब कुठे आहेत?"

रंगाऱ्याने इस्त्रीवाल्याकडे बघितलं. इस्त्रीवाल्याने, हातात इस्त्री नसल्यामुळे, स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"ह्या मालकीणबाई," तो पुटपुटला.

रंगारी ताडकन उठला. वेणीचं टोक हातातच होतं, त्यामुळे पोरगीही उठली. "काकू, रागावू नका. हिला शाळेत घालायची होती. तिथे आईबापाची मुलाखत घेतात."

"मुलाखत मुलीची की बापाची?"

"शर्टाची," तो म्हणाला. "पहिल्यांदा मी माझ्या कपड्यांत गेलो. फाटकावरचा म्हणाला, रंगकाम मागच्या बाजूला आहे, तिकडून जा. म्हटलं, मी मुलीचा बाप आहे. तो म्हणाला, मग बाप म्हणून ये कधीतरी. दुसऱ्यांदा साहेब अंगात होते. तोच माणूस, तेच फाटक. म्हणाला, बसा सर, पाणी आणू?"

"मग मिळाली शाळा?"

"मिळाली!" पोरगीच म्हणाली. "पण आता बाबा मला सोडायला कोपऱ्यापर्यंतच येतात. रोज कुठून आणायचा शर्ट?"

"शर्ट कुठे आहे ते सांगा," मी म्हटलं.

शर्ट पलीकडच्या दाराला गेला होता. रंगारी म्हणाला, "मीच दिलाय, मीच येतो," आणि पोरीला खांद्यावर घेऊन निघाला. तिची एक वेणी घातलेली, एक सुटलेली.

पलीकडच्या दारात एक म्हातारा भाजी चिरत होता. आत पाळण्यात तान्हं बाळ. दारात टॅक्सी उभी, आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले. मी त्या पायांना म्हटलं, "अहो दादा, शर्ट आणा माझा."

पायांपाठोपाठ एक तरणीताठी मुलगी बाहेर आली, हातात पाना. "दादा नाही, मीच. कुठला शर्ट?"

"माझ्या मुलाचा शर्ट तू घातलास? बाईमाणसाने?"

"फोटोपुरता, मावशी. टॅक्सीच्या परवान्याला कॉलरचा फोटो लागतो. कॉलर बाईची की पुरुषाची, ते नाही विचारत."

मी भाजी चिरणाऱ्याकडे वळले. "आणि घरातला कर्ता पुरुष कुठे आहे?"

"मी आहे की," म्हातारा म्हणाला. "ही गाडी बघते, मी घर बघतो. जावई निघून गेला तेव्हा आम्ही कामं वाटून घेतली. तिचं चांगलं चाललंय. माझं मिठाचं प्रमाण तेवढं अजून बसत नाही."

"चिरतोस केवढे मोठे तुकडे! शिजायचे कधी? लहान कर." राहवलं नाही म्हणून बोलले. त्याने लगेच लहान केले. माझा मुलगा असं ऐकता तर!

शर्ट तिथेही नव्हता. मुलीने तो काल बाजारातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींना दिला होता. "दर रविवारी साहेब त्यांच्याकडेच असतात," ती म्हणाली. "बसा गाडीत, सोडते."

"कशाला लागतो त्यांना दर रविवारी?"

इस्त्रीवाल्याने टॅक्सीच्या काचेकडे बघून सांगितलं, "तुम्हीच बघा, मावशी."

अशी आमची वरात निघाली. पुढे टॅक्सीवाली, तिच्या शेजारी मी, मागे इस्त्रीवाला, रंगारी आणि दीड वेणीची पोरगी. वाटेत मी घड्याळात बघत होते. मुलाची गाडी निघाली असणार. आला की हात धुवायच्या आधी कपाट उघडेल, ही त्याची लहानपणापासूनची खोड. आणि मी काय दाखवणार, फळी?

घड्याळजी एका बंद दुकानाच्या वरच्या खोलीत राहत होते. जिना अरुंद, दार लोटलेलं. फटीतून माझा निळा शर्ट दिसला आणि माझं डोकं फिरलं. मी दार ढकललं आणि गरजले, "काढा तो शर्ट! आत्ताच्या आत्ता काढा!"

खोलीत एक वाळलेले गृहस्थ स्टुलावर ताठ बसले होते. कमरेच्या वर माझ्या मुलाचा शर्ट, भांग पाडलेला, चेहऱ्यावर पावडर. कमरेच्या खाली टॉवेल. समोर डब्याला टेकवून मोबाइल ठेवलेला आणि त्यात एका तरुण माणसाचा चेहरा. तो डोळे फाडून माझ्याकडे बघत होता.

"बाबा," मोबाइल म्हणाला, "ह्या बाई कोण आहेत? आणि तुम्हाला शर्ट का काढायला सांगतायत?"

घड्याळजींनी तोंड उघडलं. कॉलर इतकी ताठ होती, की आवाज अर्ध्यात अडकला.

माझ्या मागून सगळे एकदम आत घुसले. घड्याळजींच्या पाठीमागे फुलाफुलांची चादर ताणून बांधली होती. पोरगी खांद्यावरून ती धरायला गेली, रंगारी तिला सावरायला गेला, आणि चादर सरसर खाली आली. मागची भिंत उघडी पडली. ओल, पोपडे, एक वाकडी खाट, एक शेगडी. सगळी खोली मोबाइलला दिसली.

"बाबा," मुलाचा आवाज बदलला. "तुम्ही तर म्हणालात, मोठ्या घरात राहायला गेलो."

घड्याळजींनी माझ्याकडे बघितलं. ओळख ना पाळख, पण ती नजर मला माहीत होती. सगळं ठीक आहे, असं फोनवर सांगताना मी माझ्या आरशात ती बघते.

मी मोबाइलसमोर जाऊन उभी राहिले. "हे बघ बाळा, मी शेजारीण. घर रंगवायला काढलंय. हा बघ रंगारी." रंगाऱ्याला पुढे ओढला. त्याच्या अंगावर पुरावा भरपूर होता. "भिंती खरवडायच्या आहेत आणि तुझे वडील नवा शर्ट घालून बसलेत. रंगाचे शिंतोडे उडाले म्हणजे? म्हणून ओरडले, काढा तो शर्ट."

"आणि मी सामान हलवायला गाडी आणलीय," टॅक्सीवाली म्हणाली.

"आणि मी..." इस्त्रीवाला अडखळला. "मी पडद्यांना इस्त्री करणार आहे."

खोलीला खिडकी एकच, आणि तिला पडदा नव्हता. मी त्याला कोपराने मागे ढकललं.

मोबाइलमधला मुलगा मग डोळे पुसून हसला. "बरं झालं, काकू. मला वाटायचं, तिथे त्यांच्यावर ओरडायलाही कुणी नाही. अजिबात ऐकत नाहीत ते."

"माझं ऐकतील. माझं सगळे ऐकतात," मी म्हटलं.

"पुढच्या रविवारी रंग दाखवाल ना?"

"दाखवू की," मी म्हटलं, आणि रंगाऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

फोन बंद झाला. घड्याळजी उठले, टॉवेल सावरला आणि वरचं बटण सोडायला लागले. "माफ करा. तो लांब राहतो. मला असं बघितलं की त्याला तिथे झोप लागते. हा शर्ट चांगल्या माणसाने घेतलेला आहे. कापड सांगतं."

ते पुढचं बटण सोडत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"आई, अगं, ऐक ना. गाडी चुकली नाही, पण साहेबांनी थांबवून घेतलं. उद्या महत्त्वाची मीटिंग आहे. पुढच्या महिन्यात नक्की. रागावलीस?"

"छे. रागवायला काय झालं?"

"आणि तो शर्ट..."

घड्याळजींचं बोट तिसऱ्या बटणावर थांबलं होतं.

"आहे, आहे," मी म्हटलं. "इस्त्री करून जागेवर ठेवलाय. अगदी साहेबासारखा दिसतोय. तू जेव बाबा वेळेवर." आणि फोन ठेवला.

पोरगी म्हणाली, "आजी, तुमचा बाबा कधी येणार?"

"पुढच्या महिन्यात. तू इकडे ये, वेणी अर्धी राहिलीय." मी खाटेवर बसले आणि तिची वेणी घातली. माझी वाकडीच झाली. रंगाऱ्याने मान वळवून हसू लपवलं, ते मी बघितलं. घड्याळजी शर्टाची बटणं उलट्या दिशेने लावत होते, खालून वर. टॅक्सीवालीने चादर उचलून घडी घातली.

इस्त्रीवाला दारात उभा होता, उंबऱ्याकडे बघत. मी म्हटलं, "वर बघ. माझ्याकडे बघ. तू चोर आहेस, आणि हे मी जिन्यात सगळ्यांना सांगणार आहे. उद्या सकाळी ये आणि कपाटातले बाकीचे तिन्ही घेऊन जा, घडीवर पिवळे पडायला लागलेत. रेघांचा ह्या रंगाऱ्याला दे, पोरीला फाटकाच्या आत सोडू दे. पण यापुढे ज्याला देशील, त्याला आधी माझ्या दारात उभा कर. बटणं मी तपासणार, कॉलर मी सरळ करणार, मगच तो बाहेर पडणार. आणि खळ कमी घाल, मेल्या. घड्याळजींना मुलाशी बोलायचं असतं, गळा मोकळा नको?"