रूथने धरलेला स्वर

बेंजामिन उजागरे सरांनी शाळेच्या बँडसाठी लिहिलेल्या संगीतात विराम आला, की तेवढा वेळ ऐकणाऱ्या सगळ्यांची हृदयं थांबत. नगरमध्ये लोकांना याची सवय होती. अर्ध्या मात्रेच्या विरामाला ते छातीवर हात ठेवत आणि मग पुढचं ऐकत. पण एका नाताळात दोन मात्रांचा विराम आला आणि सरांचे सासरे देवदान पुन्हा सुरू झालेच नाहीत. तेव्हापासून सर विराम लिहीत नसत.

यंदा शाळेच्या शताब्दीसाठी त्यांनी लांबलचक मार्च लिहिला. तालमीत ट्रम्पेटवाली दोन मुलं चक्कर येऊन पडली.

"सर, पोरांना दम घ्यायला जागा द्या," मुख्याध्यापिका पारखेबाई म्हणाल्या. "चार मात्रा तरी."

"चार मात्रांत किती माणसं जातील, बाई?"

"पत्रिकेत तसं छापू. ज्यांना झेपणार नाही त्यांनी येऊ नये."

सरांनी तोड काढली. बँड दम घेईल तेव्हा त्यांची मुलगी रूथ क्लॅरिनेटवर एकटीच स्वर धरून राहील. स्वर चालू, म्हणजे विराम नाही.

"जमेल ना गं?"

"जमेल, पप्पा. फक्त माझ्याकडे बघू नका."

समारंभाला मैदान भरलं. पत्रिका वाचूनही म्हातारी माणसं आली, कारण नातवंडं वाजवणार होती.

ती जागा आली. सगळ्यांनी वाद्यं खाली घेतली. रूथचा स्वर एकटाच उरला. सरांनी न राहवून पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिसऱ्या मात्रेवर स्वर थरथरला आणि तुटायच्या बेताला आला, तसा सरांनी तोच स्वर स्वतःच्या गळ्यातून उचलला. चौथ्या मात्रेनंतर बँड आला. कोणी गेलं नाही.

मार्च संपला, टाळ्या झाल्या. सर मात्र गातच राहिले. रूथचा स्वर कुठे संपतो ते त्यांनी लिहिलं होतं. त्यांचा स्वर कुठे संपतो ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि तो सोडला, की पडणारा न लिहिलेला विराम किती मात्रांचा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"संपलं ना, सर?" पारखेबाईंनी विचारलं. उत्तर द्यायचं तर स्वर सोडावा लागला असता. सरांचे डोळे पाहून बाई काय ते समजल्या. सरांचा दम सरत आला तशी त्यांनीच तो स्वर धरला. मग पहिल्या रांगेने, मग दुसरीने.

घरी पोचल्यावर रूथने स्वर घेतला, तेव्हा कुठे सर दोन घास जेवले. उद्या सकाळची पाळी पारखेबाईंची आहे.