वैशाखातला गवती चहा

गुणवंताच्या शेतात पाय टाकला की तो रामराम घालत नाही. बांधावरच अडवतो, गवती चहाचं एक पान तोडतो, तळहातावर चुरगाळतो आणि थेट समोरच्याच्या नाकाखाली धरून विचारतो, "बोल, कोनता महिना?"

महिना कॅलेंडरात असतो हे त्याला कोण सांगणार! त्याच्या मते पानाच्या वासावरून महिना ओळखता न येणारा माणूस नाकाचं ओझं उगाच वागवत फिरतो. भादव्यात एकदा मी छाती फुगवून "भादवा" म्हणालो, तर म्हणे, "तुले ठाऊक हाये म्हनून बोलून राह्यला. नाकानं सांग, लेका."

नाचणगावात आमची शेतं एकमेकांना लागून आहेत. दोघंही भाजीपाला पिकवतो आणि पुलगावच्या बाजारात शेजारी शेजारी बसतो. बांधाच्या कडेला दोघांचाही गवती चहा आहे. माझं पहिलं ठोंब त्यानंच दिलेलं. माती तीच, पाणी तसंच. तरी गिऱ्हाईक माझी जुडी नाकाला लावतं, खाली ठेवतं आणि मलाच विचारतं, "गुनवंतभाऊचं पान नाई का?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

त्यात त्याचे नखरे किती! पावसाळ्यात अख्ख्या गावाला चहात हे पान हवं असतं, तेव्हा हा विकत नाही. "आता नुसतं पानी हाये त्याच्यात. पान फुगलं, तेल पातळ झालं." थंडीत म्हणतो, "पान आखडलं. थांब जरासा." आणि वैशाखात, आमच्याकडच्या त्या उन्हात माणूस चहाचं नाव काढत नाही, तेव्हा हा पठ्ठ्या जुड्या बांधून बाजारात हजर. "आता खरं तेल उतरलं पानात! ऊन खाल्ल्याबिगर वास येत नसते." लोकही घाम पुसत त्या जुड्या घेतात आणि वर्षभरासाठी सावलीत वाळवून ठेवतात. मी जवळच असतो, मला कोणी विचारत नाही. घरी आमची ही चहाचा एक घोट घेते आणि म्हणते, "हा आपल्या शेतातला वाटते." तेवढं पुरे होतं मला दिवसभर जळायला. त्याचं पान कधीतरी फिकं निघावं, एवढंच माझं मागणं होतं.

गेल्या वैशाखात, तो मुळाशी काय घालतो ते सरळ विचारावं म्हणून मी सकाळीच गेलो. बांधावर नेहमीची परीक्षा झाली. वास असा उसळला की डोळ्यांत पाणी आलं. निम्मं मत्सराचं असेल. "वैशाख," मी म्हणालो. पण त्याचं लक्षच नव्हतं. मूठभर पानं तोडून तो शेतातल्या घराकडे चालू लागला. पाणी प्यायच्या निमित्तानं मीही मागे गेलो.

ओसरीवर त्याची बायको, सुमनवहिनी, सांबाराच्या, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या. गुणवंतानं पानं चुरगाळून त्यांच्या नाकाखाली धरली. वहिनींनी डोळे मिटून खोल श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला आणि मान हलवली.

"नाई जी. काईच येत नाई."

करोनाच्या तापात वहिनींचा वास गेला होता, हे मला माहीत होतं. केव्हाच परतला असेल, असं मी धरून चाललो होतो. महिन्यांचं हे खूळ गुणवंताला त्या तापानंतरच लागलं, हे आत्ता माझ्या ध्यानात आलं.

"येईन कसा?" गुणवंता म्हणाला. "यंदा ऊन धड पडलंच नाई. तेलच नाई उतरलं. बेकार पान हाये, नुसतं गवत."

मी बघतच राहिलो. बाहेर जमीन तव्यासारखी तापली होती.

"पावसात म्हनलं पानी हाये, थंडीत म्हनलं आखडलं," वहिनी म्हणाल्या. "खरं सांगा, नाक माहंच गेलं न? आता नाई येत ते वापस?"

तो हातातली पानं आणखी चुरगाळत राहिला. वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमी त यांची भीड धरत नाई. तुमी सांगा, हाये का याले वास?"

सगळी ओसरी त्या वासानं भरली होती. गुणवंता माझ्याकडे बघत होता. माझ्याकडून त्याला काही हवंय, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"काईच वास नाई, वहिनी," मी म्हणालो. "माह्या बांधावरचं पान याच्याहून बरं. ते बी यंदा बेकारच हाये म्हना."

"म्हनजे पानच खराब हाये त!" वहिनी म्हणाल्या, आणि इतक्या मोकळ्या हसल्या की गुणवंता तोंड फिरवून विहिरीकडे निघून गेला. मला त्याचा हेवा वाटला. अजून वाटतो.