कुरूदादांची बॅट आणि अंगणवाडीची तार

जगात पराक्रम करणारा एक आणि त्याचा अभिमान बाळगणारे अनेक, अशी कामाची वाटणी फार पूर्वीच होऊन गेलेली आहे. यात पराक्रम करणाऱ्याचं काम त्या मानाने हलकं. सराव केला की जमतं. अभिमान बाळगणं अवघड. त्याला वेळ लागतो, मोबाईलमध्ये डेटा लागतो आणि बसायला जागा लागते. माजलगाव धरणाच्या अलीकडे असलेल्या बाभळखुंटा या गावात ह्या तिन्ही गोष्टी मुबलक आहेत.

बसायला जागा म्हणजे खांब. काही वर्षांपूर्वी विजेचा एक सिमेंटचा खांब ट्रॉलीतून आला आणि अंगणवाडीसमोरच्या चौकात आडवा पडला. तो उभा करायचा होता अंगणवाडीच्या कडेला. कारण तिथे दोन खांबांमधलं अंतर जास्त होऊन तार थेट आवारावर लोंबत होती. किती लोंबत होती, तर सेविका मंगलताईंनी एका पावसाळ्यात आवारात छत्री उघडायला घेतली आणि तशीच मिटून भिजत आत गेल्या. पण आडवा खांब बसायला इतका सोयीचा निघाला (सावकाश बसलं तर अकरा माणसं, सरकून बसलं तर तेरा) की तो उभा करून एवढी आसनव्यवस्था वाया घालवणं गावाच्या काटकसरी स्वभावाला पटेना.

चैतालीला मात्र ते आडवं पडणं पटत नव्हतं. ती बीएस्सी आहे, अंबाजोगाईला शिकलेली. शिक्षणाचे असे काही परिणाम राहून जातात. तिची तीन वर्षांची मुलगी त्या अंगणवाडीत जायची, आणि मुलगी जायची म्हणून चैतालीही जायची. मुलगी चटईवर बसे, आई दारात बसे आणि तारेकडे बघे. वारा सुटला की तार झोके घ्यायची. कधी ठिणगी पडायची. मग चैताली ओरडायची, "हात खाली!" हळूहळू सगळ्याच पोरांना सवय लागली. सूर्य, चांदोबा, विमान दाखवायची गाणी ती पोरं जमिनीकडे बोट करून म्हणायची. तालुक्याच्या मॅडम तपासणीला आल्या, तेव्हा त्यांनी "बाभळखुंट्याची मुलं नम्र आहेत" असा शेरा दिला.

चैतालीने प्रयत्न केले नाहीत असं नाही. नवनाथ हा मोबाईलच्या दुकानाचा मालक आणि खांबाच्या मधोमध बसणारा, म्हणजे गावचा विचारवंत. त्याला ती एकदा म्हणाली, "नवनाथभाऊ, खांब तर हितंच पडलाय. तेवढा उभा केला तर?"

"वैनी," नवनाथ शांतपणे म्हणाला, "उभा केल्यावर बसायचं कुठं?"

ह्या युक्तिवादात खांबावरच्या एकालाही खोट दिसली नाही.

वायरमन पंडित तर तयारच होता. "मॅडम, खांब उचलायला वीस माणसं लागत्यात. माणसं द्या, आत्ता उभा करतो." माणसं गावात होती, पण ती खांबावर बसलेली होती, आणि ज्या वस्तूवर आपण बसलो आहोत ती आपल्यालाच उचलता येत नाही. (हे भौतिकशास्त्र आहे. चैतालीचा तो विषय होता, त्यामुळे तिला बोलता येईना.)

तिचा नवरा आदिनाथ साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असतो. त्याने हिशेबाने समजूत काढली. "इतकी वर्षं पडली का तार? न्हाई ना? मग आजच कावून पडंल?"

अशा सुस्थितीत गावात बेसबॉल आला.

बेसबॉल म्हणजे चेंडू, बॅट, हातमोजे आणि चार उशा घेऊन परदेशात खेळला जाणारा एक खेळ. तो बाभळखुंट्यात कोणी खेळलेला नव्हता, पाहिलेला नव्हता आणि आजही कोणाला कळत नाही. त्यामुळे त्याविषयी मत बनवताना कोणताही पूर्वग्रह आड आला नाही. नवनाथच्या मोबाईलवर एक क्लिप आली. रेन कुरोमिने नावाचा एक जपानी गडी अमेरिकेतल्या एका सामन्यात आधी समोरच्या तिघांना चेंडू टाकून घरी पाठवतो आणि मग स्वतः बॅट घेऊन चेंडू प्रेक्षकांत भिरकावतो. बेसबॉलमध्ये सहसा फेकणारा फेकतो आणि हाणणारा हाणतो, हा एकटाच दोन्ही करतो, असं खाली लिहिलं होतं.

"एकाच माणसाकडं दोन खाती," नवनाथ म्हणाला, "आन दोन्ही खात्यात काम व्हायलंय!"

खांबावरची माणसं मोबाईलवर वाकली. एका खात्यात काम झालेलंही तिथे कोणी पाहिलेलं नव्हतं. त्याच सकाळी कुरोमिनेचे 'कुरूदादा' झाले आणि 'कुरूदादा युवा मंच, बाभळखुंटा' अस्तित्वात आला.

सामने अमेरिकेत संध्याकाळी असल्याने बाभळखुंट्यात ते पहाटे उगवत. डेअरीला दूध उशिरा जाऊ लागलं. म्हशी सुरुवातीला नाराज होत्या. पुढे त्यांनाही खेळातल्या विश्रांतीची वेळ कळू लागली असं जाणकार सांगतात. कुरूदादांचा दबदबा जसजसा वाढला, तसतसे गावातल्या प्रतिक्रियांचे प्रकार पडत गेले. पहिला प्रकार भक्तीचा. हे लोक दादांनी फेकलेल्या प्रत्येक चेंडूला दाद देत, चेंडू चुकला तर जास्तच. दुसरा प्रकार अनुभवाचा. "आमच्या टायमाला आमी विटी धरणाच्या पार घालवायचो, पर तवा मोबाईल नव्हते." तिसरा प्रकार अभ्यासाचा. "सेटिंग हाय सगळी." चौथ्या प्रकारात एकट्या सरूबाई, म्हणजे चैतालीच्या सासूबाई. त्यांनी एक होमरन पूर्ण पाहिला. चेंडू प्रेक्षकांत गेला, गडी चारी उशांना शिवून मूळ जागी आला, सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. सरूबाई म्हणाल्या, "एवढा पळाला आन परत हाय तितंच आला. मंग गेलता कशाला?" (मंचाने हे विधान कामकाजातून वगळलं आहे.)

यथावकाश मूलभूत प्रश्न पुढे आला: दादा कुणाचे? विहाराच्या गल्लीतला अनिल म्हणाला, "जपानी म्हणजे बौद्ध. म्हणजे आमच्यातलेच." त्यावर वरच्या गल्लीतल्या शेतकरी आप्पांनी मोबाईलवरून माहिती काढली की दादांच्या आजोबांची भातशेती होती, म्हणजे दादा शेतकऱ्याचे, म्हणजे आमच्यातले. चर्चा दोन दिवस सौहार्दपूर्ण वातावरणात तापत राहिली. शेवटी दादांचा वाढदिवस दोन वेळा, दोन बॅनर लावून साजरा झाला. दादांना अजून विचारलेलं नाही, पण ते दोन्हीकडच्या केकला नाही म्हणाले नाहीत.

मध्यंतरी दादांचा खांदा दुखावला. नवनाथ अनवाणी लिंबागणेशच्या गणपतीला जाऊन आला आणि खांदा बरा झाला. (अमेरिकेतले डॉक्टर श्रेय घेत आहेत.) एवढ्या एकमतात विरोधी पक्ष नसणं लोकशाहीला शोभलं नसतं, म्हणून किराणावाल्या शहादेवने एका अमेरिकी गड्याला पाठिंबा जाहीर केला. शहादेवला बेसबॉल आवडत नव्हता असं नाही; त्याला नवनाथ आवडत नव्हता.

ह्या सगळ्या काळात चैताली अंगणवाडीच्या दारात बसून होती. पोरीच्या आसपास जे काही येईल ते आधी वाचून काढायचं, अशी तिची रीत. खोकल्याच्या औषधाचा कागद असो, पाळण्याचे स्क्रू असोत. खांबावरचे लोक सकाळ-संध्याकाळ ज्याच्या नावाने ओरडतात, त्या खेळाचे नियमही तिने एका दुपारी वाचून काढले. अशा रीतीने बाभळखुंट्यात बेसबॉल समजणाऱ्यांची संख्या एक झाली. तिने हे कोणाला सांगितलं नाही. गावाच्या भावना दुखावल्या असत्या.

मग जागतिक स्पर्धा आली आणि जपान अंतिम सामन्यात गेला. समोर अमेरिका. म्हणजे नवनाथविरुद्ध शहादेव. मंचाने कुरूदादांचं दोन मजली कटआउट माजलगावहून करून आणायचं ठरवलं, बॅट आभाळाकडे उगारलेलं. शिवाय जेसीबी सांगितला, कारण एवढ्या मोठ्या माणसावर पाकळ्या हाताने टाकणं बरं दिसत नाही. जागा ठरली अंगणवाडीच्या फाटकाशी. एसटीतून उतरणाऱ्याला पहिलं दर्शन दादांचं व्हावं.

बांबू उभे करून माप घेतलं, तेव्हा ती अडचण लक्षात आली. बॅट तारेला लागत होती.

गावावर असा प्रसंग पूर्वी आलेला नव्हता. खांबावरचे तेराही जण उठून उभे राहिले. मंगलताई दारात आल्या. चैताली पोरीला कडेवर घेऊन तिथेच उभी होती. इतकी वर्षं ज्या तारेकडे ती एकटी बघत होती, तिच्याकडे आज सगळं गाव मान वर करून बघत होतं. 

"फोटो बदलू," कोणीतरी म्हणालं. "बॅट खाली घेतलेला लावू."

बस्स, संपलं, असं तिला वाटलं. आज ह्यांनी बॅट खाली घेतली की तार पुन्हा आपल्या एकटीची. पोर कडेवर चुळबुळ करत होती. चैताली शक्य तितक्या निर्विकार आवाजात म्हणाली, "लावा की. पर भाऊ, बॅट खाली म्हंजे आउट होऊन माघारी चाललेला फोटो. शहादेवभाऊ तेच स्टेटसला ठेवतील."

शहादेव पलीकडे उभा होता. त्याने मोबाईल बाहेर काढला.

"मग चौकात लावू, तिकडं," दुसरा म्हणाला.

"तिकडं शहादेवभाऊंच्या दुकानाचा बोर्ड हाय. दादा बोर्डाच्या मागं जातील."

 नवनाथने तारेकडे पाहिलं, शहादेवकडे पाहिलं, परत तारेकडे पाहिलं.

"म्हंजे मग वैनी, काय करावं?"

"मला काय कळतंय त्यातलं," चैताली म्हणाली. "तुमच्या दादांना तार आड यायलीय. एवढंच दिसलं."

पंडित वायरमनला फोन लागला. एरवी ज्याचा फोन लागत नाही असा पंडित फोन संपायच्या आत फटफटीवर हजर झाला. (तोही मंचाचा सदस्य होता.) लाईन बंद केली. खांब उचलायला वीस माणसं लागतात असं तो म्हणाला होता, पन्नासेक धावली. शहादेवची माणसंही आली, कारण त्यांच्या अमेरिकी गड्याचं कटआउट फाटकाच्या दुसऱ्या अंगाला तेवढ्याच उंचीचं लागणार होतं, आणि तत्त्वाच्या प्रश्नात ते मागे राहणारे नव्हते. पाकळ्यांसाठी आलेल्या जेसीबीने खड्डा घेतला आणि खांब तोलून धरला. जी गोष्ट इतकी वर्षं तांत्रिकदृष्ट्या अशक्य होती, ती दुपारच्या भाकरीच्या आत झाली. तार ताणली गेली, वर गेली. दादांची बॅट निर्धास्त उगारली गेली.

खांबावर फलक लागला: 'जगज्जेते कुरूदादा यांच्या प्रेरणेतून, चिमुकल्यांच्या सुरक्षेसाठी.' खाली शुभेच्छुकांचे चोवीस फोटो. एक फोटो जेसीबीचा.

मंगलताई फलक वाचून म्हणाल्या, "चैताली, तुझा फोटो न्हाई गं ह्याच्यात."

"राहू द्या ताई. त्यांनी वर बघितलं, लई झालं."

संध्याकाळी आदिनाथ भारावलेला घरी आला. "बघितलंस? तू उगं बेसबॉलला नावं ठेवायचीस. एका खेळाडूमुळं गावची पोरं वाचली."

तिने बेसबॉलला कधीच नावं ठेवली नव्हती. "चुकलंच माझं," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात जास्तीचं तूप वाढलं.

अंतिम सामन्याच्या सकाळी सगळं गाव नवनाथच्या दुकानापुढे लावलेल्या पडद्यासमोर उभं होतं. उभं अशासाठी, की आता बसायला काही उरलं नव्हतं. पण त्यागाशिवाय भक्ती नसते. अंगणवाडीत मंगलताई, पोरं आणि चैताली एवढीच माणसं होती. गाणं चालू झालं. विमानाचं. पोरं सवयीने जमिनीकडे बोट करून म्हणू लागली. चैताली दारातून उठली, आवाराच्या मध्यभागी आली आणि तिने स्वतःचा हात वर केला, पुरता, खांद्यातून. पोरं तिच्याकडे बघत राहिली. तिची पोर तर रडवेली झाली. आईचं हे असलं वागणं तिने पाहिलं नव्हतं. मग भीत भीत पोरीने खांद्यापर्यंत हात नेला. मग डोक्यापर्यंत. मग दोन्ही हात वर. कोणी ओरडलं नाही.

नेमक्या त्याच वेळी दुकानाकडून प्रचंड आरोळी उठली. फटाके वाजले. ती आरोळी दादांनी हाणल्याची होती की दादांना कोणी हाणल्याची, हे तिला कळलं नाही. नवनाथ आणि शहादेव दोघांच्याही माणसांचा आवाज सारखाच येतो. तिने मान वळवून पाहिलं नाही. नंतरही कोणाला विचारलं नाही.

त्यामुळे सामना कोणी जिंकला, ही माहिती प्रस्तुत कथेत उपलब्ध नाही. तरीही ज्यांना एवढं सगळं वाचून अजून तेच विचारावंसं वाटत असेल, त्यांनी संकोच करू नये. मंचाचं सभासदत्व खुलं आहे. रहिवासी दाखला लागत नाही. स्वभाव बाभळखुंट्याचा असला की पुरतं.